राजा इल्मारीची जास्तीची मुलं

"राजाच्या पोरांवर जीव लावू नकोस," रेइनो म्हणाला, तेव्हा काइसा अकरा महिन्यांच्या ओट्टोच्या नाकातून वाटाणा काढत होती.

"बाबा, गेम आहे तो. इथं खऱ्या पोराचं नाक मोकळं ठेवताना माझा जीव जातोय."

"तरी सांगून ठेवतो. तुझा स्वभाव मला माहितीये."

"हो रे, हो," म्हणत काइसानं वाटाणा काढला, त्याचा दुसरा अर्धा भाग आत तर राहिला नाही ना, म्हणून टॉर्च लावून पुन्हा पाहिलं, आणि वडिलांचं बोलणं वाटाण्याबरोबर कचऱ्यात टाकलं.

रेइनो गुडघा बदलून घ्यायला निघाला होता. ऑपरेशन, मग व्यायामासाठी तिथेच मुक्काम, म्हणजे दोन आठवडे तरी. गुडघ्याची त्याला फिकीर नव्हती. फिकीर होती ती दोन रविवारांची. कॅनडातल्या थंडर बेच्या बंदरावरच्या धान्य कोठारात तीस वर्षं बरोबर काम केलेला त्याचा एकटाच राहणारा दोस्त वॉल्टर आणि तो, दोघं चार वर्षांपासून दर रविवारी दुपारी एक ते तीन आपापल्या घरून एक गेम खेळत. मध्ययुगातलं एक घराणं घ्यायचं, त्याची लग्नं लावायची, लढाया करायच्या, आणि राजा मेला की त्याच्या वारसाच्या नावानं पुढे खेळायचं. रेइनोनं फिनलंडातल्या एका खेड्याच्या सरदारापासून सुरुवात केली होती आणि साडेतीनशे वर्षांत उत्तरेचं आख्खं राज्य उभं केलं होतं. शेजारचं नॉवगरोद वॉल्टरचं. या गेममध्ये मागे जाऊन चूक सुधारता येत नाही. एखाद्या रविवारी गैरहजर राहिलं तर राज्य कॉम्प्युटर चालवतो, आणि कॉम्प्युटर दहा मिनिटांत चारी दिशांना युद्ध पुकारतो.

म्हणून बदली खेळाडू काइसा. लग्नाआधी ती वडिलांशेजारी बसून थोडंफार खेळलेली होती.

यात एक पैजही होती. ज्याचं राज्य आधी फुटेल, त्यानं यंदाच्या हिवाळ्यात दोघांच्याही सौनाची, म्हणजे गरम वाफेच्या न्हाणीची, लाकडं फोडायची. पैज लागली तेव्हा गुडघ्याची तारीख ठरलेली नव्हती. आता काइसाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: बर्फ, कुऱ्हाड आणि बापाचा कोरा करकरीत गुडघा.

पहिल्या रविवारी ओट्टो बरोबर एक वाजता झोपला. राजा इल्मारी पन्नाशीचा, धट्टाकट्टा. एकच मुलगा, तापिओ, चोवीस वर्षांचा, शहाणा. काइसाला हायसं वाटलं. वीस मिनिटांत राणी तापानं गेली.

इल्मारीच्या चेहऱ्याखाली ताणाची एक लाल रेघ असते, ती वर चढायला लागली. पडद्यावर तो खिडकीशी एकटाच उभा होता, आणि काइसाला वडिलांचं स्वयंपाकघर आठवलं. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी तिथं अजून टेबलावर दोन कप असतात.

"वॉल्टरकाका, आमच्या राजाची बायको गेली हो," ती माइकवर म्हणाली.

"अरेरे! पोरी, वाईट झालं." त्याच्याकडून माउसच्या दोन टिचक्या ऐकू आल्या. "माझ्या राजाची एक बहीण आहे बघ. विधवा, सव्वीस वर्षांची, स्वभावानं लोणी. एकट्या माणसाचे हाल बघवत नाहीत गं मला."

"किती चांगले आहात हो तुम्ही!" काइसानं लग्न लावून टाकलं. इल्मारीची लाल रेघ खाली आली. वर्षभरात राणीला जुळं झालं, एरो आणि वेइक्को. काइसाला इतका आनंद झाला की तिनं भांडी घासणाऱ्या नवऱ्याला, ब्रेंटला, हात ओले असतानाच ओढून आणलं.

"जुळं! आणि दोघांचं वजन चांगलं आहे!"

"वजन दाखवतात?"

"गाल बघ ना."

तीन वर्षांनी ओन्नी झाला, पण तो अशक्त. त्याच्या नावापुढे खोकणाऱ्या माणसाचं चित्र होतं. काइसानं कॉन्स्टँटिनोपलहून वैद्य आणवला. मग देवीची साथ आली, तेव्हा तिनं किल्ल्याचे दरवाजे दोन वर्षं बंद ठेवले. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही, चौथ्या बाळाचं बारसंसुद्धा घरातल्या घरात. शेजारपाजारच्या राज्यांत राजपुत्र पटापट मरत होते. काइसाचे पाचही शाबूत. दर बाळंतपणाला वॉल्टरकडून घोडा नाहीतर सोन्याचा पेला यायचा.

"अजून एक? वा, वा! अगं, घर कसं भरलेलं असावं!" वॉल्टर हसायचा आणि हसता हसता त्याला ठसका लागायचा. काइसानं त्यालाही गरम पाणी प्यायला सांगितलं.

सोमवारी ती ओट्टोला घेऊन वडिलांकडे गेली. बरोबर गुलाबी आयसिंगचे दोन पर्शियन, म्हणजे तिथले गोड बन. थंडर बेचा माणूस ऑपरेशननंतर यांच्या वासानंच शुद्धीवर येतो.

"राज्य कसंय?" रेइनोनं विचारलं.

"छान. वाढतंय."

"वाढतंय? कुठला मुलूख घेतलास?"

"मुलूख नाही. माणसं. माणसं वाढतायत. बाबा, मोजे का नाही घातलेस तू?"

"माणसं म्हणजे कोण?"

"पाय गार पडलेत बघ तुझे!" म्हणत काइसानं मोजे चढवले आणि व्यायामाची वेळ झाली असं सांगून नर्सला बोलावून घेतलं.

घोळ ब्रेंटच्या लक्षात आला. तो शहराच्या रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारणारा नांगर चालवतो. कुठल्याही कामात शेवटी काय उरतं, हे बघायची त्याला सवय आहे. बुधवारी त्यानं सहज विचारलं, "हा राजा मेला की काय होतं गं?"

"तापिओ राजा होतो."

"आणि बाकीचे चौघं?"

काइसानं वारशाचं पान उघडलं. तिथला कायदा साधा होता: बाप मेला की हयात असलेल्या सगळ्या मुलांत राज्याची वाटणी. आजवर एकसंध असलेला नकाशा पाच रंगांत रंगला. ओट्टोच्या जेवणानंतर त्याची थाळी दिसते, हुबेहूब तसा. साडेतीनशे वर्षं बाबांनी दर पिढीला एकच वारस कसा ठेवला, ते तिला आत्ता उमगलं. कुणाला मठात धाडलं, कुणाचा हक्क काढून घेतला, आणि एकदोघांबद्दल तो कधी बोलतच नसे.

"आणि ही राणी कुणी सुचवली म्हणालीस?" ब्रेंटनं विचारलं.

"वॉल्टरकाकांनी."

काइसाला दर बाळंतपणाचे घोडे आणि पेले आठवले.

"गोड माणूस," ब्रेंट म्हणाला.

मग त्यानं बाह्या सरसावल्या. "हे बघ, चौघांना मठात पाठवायचं. भिक्षू झाले की वारसा नाही. दोन मिनिटांचं काम." दुसऱ्या रविवारी ओट्टो झोपल्याबरोबर त्यानं स्वतः माउस हातात घेतला आणि ओन्नीवर नेला. पडद्यावर सहा वर्षांचा ओन्नी लाकडी तलवार घेऊन उभा होता. खाली प्रश्न आला: या बालकाला कायमचं मठात पाठवायचं, नक्की?

"दाब," काइसा डोळे झाकून म्हणाली.

"दाबतोय."

"दाबलंस?"

"अगं, हा ओट्टोसारखा एका बाजूला मान करून बघतोय." ब्रेंटनं माउस खाली ठेवला. "तू दाब. तुझं घराणं आहे."

कुणीच दाबलं नाही. मग उरला एकच मार्ग. इल्मारीला मरूच द्यायचं नाही. बाबा परत येईपर्यंत राजा जिवंत ठेवायचा, पुढचं त्याचं तो बघेल.

काइसा कामाला लागली. राजाची शिकार बंद, घोडं उधळलं तर? दारू बंद. मेजवान्या बंद, कोण काय कालवेल सांगता येत नाही. प्रवास बंद, थंडी असते. वैद्य दाराशी बसता. सकाळ-संध्याकाळ ओटची लापशी.

"पोरी, तुझा राजा हल्ली दिसत नाही कुठे," वॉल्टर म्हणाला.

"आराम करतोय."

"पाच वर्षं?"

"वय झालंय त्याचं."

लाल रेघेकडे तिचं लक्षच नव्हतं. इल्मारी मूळचा शिकारी, खाणारा-पिणारा, चार माणसांत रमणारा. त्याचं सगळं आवडतं एकेक करून बंद झालं होतं आणि रेघ इंचाइंचानं चढत होती. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, एकही आजार नसताना, वैद्य हात धरून बसलेला असताना, राजा इल्मारी काळजीनं वारला. काइसानं ते वाक्य तीनदा वाचलं. काळजी त्याची होती की तिची, एवढं मात्र पडद्यावर लिहिलेलं नव्हतं.

घंटा वाजली. राज्याचे पाच तुकडे झाले.

"हां!" वॉल्टरच्या खुर्चीचा आवाज आला. "फुटलं! पोरी, पैज जिंकली मी! रेइनोला सांग, मला बर्चची लाकडं लागतात, बारीक फोडलेली!"

तेवढ्यावर तो थांबला असता तर बरं होतं. पण तीन वाजायला वीस मिनिटं बाकी होती आणि समोर बारा वर्षांचा ओन्नी एकटा, लहानशा मुलखाचा राजा होऊन बसला होता. वॉल्टरनं त्याच्यावर युद्ध पुकारलं.

"काका! खोकला आहे हो त्याला!"

"राजकारण आहे गं हे."

"तो भाचा आहे तुमचा!"

"म्हणून तर प्रेमानं घेतोय."

वॉल्टरनं आपला एकुलता एक युवराज सैन्यापुढे घातला. एकुलता एकच, कारण वाटणीचा कायदा त्यालाही ठाऊक होता, आणि त्यानंही पिढ्यानपिढ्या तीच छाटणी करून एकच फांदी ठेवली होती. काइसानं तापिओचं होतं नव्हतं तेवढं सैन्य ओन्नीच्या मदतीला पळवलं. गोठलेल्या नदीवर दोन्ही फौजा भिडल्या. वॉल्टरचे लोक तिप्पट होते. लढाई त्यानंच जिंकली. फक्त त्याचा युवराज तेवढा पहिल्याच हल्ल्यात पडला.

"हरकत नाही," वॉल्टर म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता. "माझा राजा अजून धडधाकट आहे. दुसरा मुलगा होईल."

राजा एकाहत्तर वर्षांचा होता. मुलाची बातमी ऐकून त्याच संध्याकाळी त्यानं अंथरूण धरलं, आणि तीनला चार मिनिटं असताना तोही गेला. मुलगा नाही, भाऊ नाही, पुतण्या नाही. कॉम्प्युटरनं नॉवगरोदची वंशावळ वरून खाली धुंडाळली आणि जवळचं रक्त शोधून काढलं: राजाची बहीण, स्वभावानं लोणी. तिचा थोरला मुलगा.

जुळ्यांतल्या एरोच्या डोक्यावर दुसरा मुकुट आला. वॉल्टरचा सगळा पिवळा मुलूख रेइनोच्या घराण्याच्या निळ्या रंगात बुडाला.

वॉल्टरच्या पडद्यावर काय लिहून आलं असेल, ते काइसाला माहीत होतं: तुमचं घराणं संपलं.

"काका?" ती म्हणाली. "काका, ऐकताय ना?"

खट्. माइक बंद.

मंगळवारी रेइनो घरी आला. काइसानं त्याला खुर्चीत बसवलं, गुडघ्याखाली उशी दिली, आणि पाठ फिरवूनच सगळं सांगितलं. रेइनोनं चष्मा चढवून नकाशा पाहिला. मग खालून वर पाहिला.

"साडेतीनशे वर्षं मी पोरं कमी करत होतो," तो अखेर म्हणाला. "नॉवगरोदची एक वीट हलली नाही. तू चार वाढवलीस आणि आख्खं नॉवगरोद घरात!"

"पण राज्य फुटलं, बाबा. पैज हरलो आपण."

"हरलो तर हरलो. जावई कशाला आहे?"

म्हणून सध्या ब्रेंट लाकडं फोडतोय. बर्चची, बारीक. अंगणात वॉल्टरचा वाटा नीट रचून, वर ताडपत्री टाकून ठेवलाय. पण तो न्यायला वॉल्टर येत नाही. आठवडा झाला, फोनही उचलत नाही. रेइनो दर तासाला "लागला का?" विचारतो आणि वर "मला काय त्याचं" म्हणतो. काइसा स्वतः गेली असती, पण ओट्टोचा कान दुखतोय, बर्फ सुरू झालाय, आणि ब्रेंट नांगरावर आहे.

तेव्हा तुम्ही सरोवराकडच्या रस्त्यानं जाणार असाल, तर जुन्या रेल्वे फाट्याच्या पुढचं हिरव्या दाराचं घर बघा. जरा जोरात वाजवा, त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. त्याला सांगा की एरो लहान आहे, दोन मुकुट त्याला झेपत नाहीत, आणि रविवारी एक वाजता त्याच्या जागी खेळायला नॉवगरोदची खडान्‌खडा माहिती असलेलं माणूस हवंय. तो दारातूनच "मी मजेत आहे" म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, आणि चुलीवर काही शिजतंय का, ते तेवढं बघून या.