चौसष्ट सूर्यवंशी आणि मी गाळलेले बाप

पत्रिका छापावी तर आष्ट्याच्या ज्योतिबानं! हे मी म्हणत न्हाई, माझ्या दुकानावरचा बोर्ड म्हणतो. बोर्ड मीच लिवलाय, ती गोष्ट निराळी.

बावीस वर्षं झाली. निम्म्या वाळवा तालुक्याची लग्नं माझ्या मशीनीतनं बाहेर पडल्यात. आन् मी नुसता छापत न्हाई, मधी मधी खोड्या बी करतो. एकदा एका बारशाच्या पत्रिकेत पोराच्या मामाच्या नावाफुडं गुपचूप 'अविवाहित' छापलं. मामा मारायला आला. चार म्हयन्यात लगीन जमलं त्याचं! आता दिवाळीला घरचा चिवडा पाठवतो.

तवा मला कुणी शानपण शिकवू ने, असं माझं मत व्हतं. व्हतं! कारण परवा आख्ख्या भावकीनं मला असा धुतलाय, असा धुतलाय, की वाकळ बी एवढी कुणी आपटत न्हाई. त्यांचा राग माझ्यावर. माझा राग इंग्रजीवर!

सांगतो.

हल्ली गिऱ्हाईक इंग्रजी पत्रिका मागतंय. म्हणून बावन्नाव्या वर्षी मी इस्लामपूरला इंग्रजीचा क्लास लावला. शिकवायला पूजा मॅडम. वयानं माझ्या पोरीएवढ्या, पण आवाज पीटी मास्तरचा. एक दिवस त्यांनी मला उभा केला आन् म्हणाल्या, "तात्या, बोला. राहीबाईनं भाकरी खाल्ली आणि मीही भाकरी खाल्ली."

मी छाती काढून म्हटलं, "राहीबाई एट भाकरी अँड आय एट भाकरी!"

"भाकरी दोनदा कशाला?"

"दोघांनी खाल्ली की मॅडम! एकीत भागतंय व्हय?"

वर्ग हसला. मॅडम न्हाई हसल्या. "इंग्रजीत एकदा बोललेलं पुन्हा बोलत नाहीत, तात्या. एकतर गाळायचं, नाहीतर त्याच्या जागी छोटासा शब्द बसवायचा. राहीबाई एट भाकरी अँड सो डिड आय. म्हणजे, मीही तसंच. समोरच्याला जे समजलंय ते परत सांगायचं नाही!"

माझ्या डोक्यात टूपलाइट लागली गड्या! गोरा माणूस आपल्यावर राज्य करून का गेला ते आज कळलं. त्याचा येळ वाचत व्हता! आन् आमी? "जेवलास का?" "जेवलो की." "जेवलास न्हवं?" "जेवलो, जेवलो." "मग, जेवूनच आलास म्हण!" एका ताटात सहा येळा जेवतो आमचा माणूस!

नेमकं त्याच आठवड्यात माझा थोरला भाऊ लालासाहेब दुकानात आला. दादा फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालाय. घरात गादीची घडी बी मोजमापात घालतो. त्याच्या सृष्टीचं लगीन लोणंदच्या पोराशी ठरलेलं. त्यानं टेबलावर पाच फुलस्केप कागद आपटले.

"ही भावकीची नावं. चौसष्ट. सगळी पत्रिकेत आली पायजेत."

"दादा, एवढी? पत्रिका हाय का मतदार यादी?"

दादाचा आवाज खाली आला. "ज्योतिबा, नऊ वर्षं झाली. कोंडीबाआण्णानं माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवलेला न्हाई."

ते खरं. कोंडीबाआण्णा म्हंजी भावकीतला सगळ्यात वडील माणूस. नऊ वर्षांमागं दादाच्या वास्तुशांतीला फेटे बांधताना पयला फेटा चुकून पावण्याला बांधला आन् दुसरा आण्णाला. आण्णा तसाच उठला. त्याच्या मागनं सगळी भावकी उठली. आमच्याकडं वडील माणूस पंगतीला बसल्याबिगर भावकीतलं कुणी घास मोडत न्हाई. बुंदी तीन दिवस गुरांनी खाल्ली.

"आता माझ्या पोरीसाठी त्यो यायला कबूल झालाय," दादा म्हणाला. "एकच अट. पत्रिकेत प्रत्येकाचं नाव पायजे. माझी सृष्टी भावकीबिगर मांडवात उभी ऱ्हायली तर लोणंदकर काय म्हणतील? हे लगीन न्हाई ज्योतिबा, हा तह हाय. घोळ घालू नगंस."

"मी हाय की!" मी म्हटलं. इथंच चुकलं. मी हाय म्हणूनच तर भीती व्हती!

यादी वाचायला घेतली. मा. श्री. कोंडीबा रामचंद्र सूर्यवंशी. मा. श्री. शंकर रामचंद्र सूर्यवंशी. मा. श्री. बाबूराव गणपती सूर्यवंशी. मा. श्री., मा. श्री., मा. श्री.! सूर्यवंशी, सूर्यवंशी, सूर्यवंशी! चौसष्ट येळा! मॅडमचं बोल आठवलं. समोरच्याला जे समजलंय ते परत सांगायचं न्हाई. भावकी म्हटल्यावर सगळे सूर्यवंशीच की! का सासुरवाडीचं असत्यात? आन् अंगात ती जुनी खोडी वळवळायला लागलीच व्हती. गालातल्या गालात हसत मी कात्री चालवली. बगा कसं झ्याक झालं:

मा. श्री. कोंडीबा रामचंद्र सूर्यवंशी
शंकर (तसेच)
बाबूराव (तसेच)
...
आणि उरलेले (वरीलप्रमाणे)

चार पानांची पत्रिका एका पानात! माझा मशीनवाला चांदसाहेब. पस्तीस वर्षं शाईत हात काळे केलेला माणूस. त्यानं कागद हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला.

"तात्या, ह्ये काय हाय?"

"इंग्रजी पद्धत."

"आवं, भावकीचं नाव गाळणं म्हंजी हत्तीच्या तोंडातला ऊस वडणं हाय. एकदा लालादादांना तरी दाखवा."

"तू मशीन चालव चांदभाई. डोकं मी चालवतो!"

दादा आला, वरचा गणपती बगितला, सृष्टीचं नाव बगितलं, "झ्याक" म्हणाला आन् गठ्ठे उचलून गेला. दोन दिवसात सातशे पत्रिका गावभर!

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पयला फोन. शंकरआण्णा.

"ज्योत्या! मी कोण रं?"

"आसं काय इचारता आण्णा? तुमी शंकरआण्णा."

"न्हाई! मी 'तसेच' हाय! फौजेत सतरा वर्षं काडली मी. बर्फात उभा ऱ्हायलो. तिथं बी माझं नाव छातीवर व्हतं. चीनला नाव काडता आलं न्हाई, ते तू काडलंस व्हय रं?"

फोन ठेवला तवर दारात 'उरलेले' आले! तेवीस जण! त्यातला एक पत्रिका नाचवत म्हणाला, "आमी उरलेले? शिळी आमटी हाय व्हय आमी? का लग्नात शेवटी पातेलं खरवडताना बोलवनार हाईस?"

"आवं, समोरच्याला समजतंय की तुमी कोण ते..."

"समजतंय? मग तुला बी समजंल आता!" म्हणून त्यानं बाह्या सारल्या. मी मागच्या दारानं पळालो. मागच्या दारात बाबूराव उभे.

बाबूराव मात्र वरडले न्हाईत. पत्रिका पुढं धरली आन् बोट ठेवलं. "ज्योतिबा, माझ्या नावाफुडं गणपती असतंय. माझा बा. त्यो जाताना मला दुसरं काय बी देऊन गेला न्हाई, नाव तेवढं देऊन गेला. माझं आडनाव गाळलंस तर गाळलंस. माझा बा का गाळलास?"

त्रेसष्ट नावं छाटली असं मला वाटत व्हतं. त्यात त्रेसष्ट जणांचे बाप बी व्हते!

मला वाटलं, निदान कोंडीबाआण्णा तरी खूश असंल. त्याचं नाव आख्खं, वर, ठळक! कसलं काय! दुपारी आण्णा काठी आपटत दुकानात आला. त्याचा राग सगळ्यांच्या वर. नावासारखाच.

"ज्योत्या, कसला सूड उगवलास रं माझ्यावर?"

"आण्णा, तुमचं नाव तर पूर्ण हाय!"

"तीच तर बोंब हाय मुडद्या! माझं एकट्याचं पूर्ण! सगळी भावकी म्हणतीया, कोंडीबानं ज्योत्याला आतनं सांगून आपलं तेवढं छापून घेतलं. सख्खा भाऊ शंकर बोलंना. साळूबाई, माझी बायको, ती म्हणती, 'तुमी एकटेच जावा लग्नाला, मोठे माननीय!' फेट्याच्या येळी निदान घरची माझ्या बाजूला व्हती!"

मागनं दादा आला, त्याच्या मागं शंकरआण्णा आन् भावकी. तोंड लाल, मिशी थरथरतीय. त्यानं मला कॉलर धरून उभा केला आन् सगळ्यांफुडं म्हणाला, "आण्णा, ह्याला काय शिक्षा करायची ती तुमी सांगा. गोळी सोडून कायबी सांगा."

"गोळी बी चालंल!" शंकरआण्णा मागनं वरडला.

कोंडीबाआण्णानं इचार केला. काठी माझ्या छातीला लावली. "लग्नात, मांडवात, माइकवरनं हा सगळी नावं घील. मा. श्री. सकट, बापासकट, सूर्यवंशी सकट. चौसष्ट! एक बी गाळलं तर आमी जेवनार न्हाई. आन् मी न्हाई जेवलो तर कुनीच न्हाई!"

चिडून मी पूजा मॅडमना फोन लावला. "मॅडम, तुमच्या नियमानं माझं वाटोळं झालं!"

त्या माझ्यापेक्षा चिडलेल्या. "तात्या, तो नियम इंग्रजीचा आहे, भावकीचा नाही! आणि मला पाठवलेल्या पत्रिकेवर 'मॅडमनाही तसेच' लिहिलंय, ते काय आहे?"

त्यांची बी खोडी काडलेली मी इसरलोच व्हतो!

लग्नाचा दिवस. आष्ट्याचं कार्यालय. मुहूर्त बारा चाळीसचा. सव्वा बाराला मी माइक हातात घेतला. फुडच्या रांगेत कोंडीबाआण्णा हाताची घडी घालून, भावकी त्याच्या मागं, सगळ्यांच्या हातात पेन आन् यादी. एकेका नावावर बरोबरची खूण! परीक्षेत मी कवा पास झालो न्हाई, आन् हितं चौसष्ट पेपर!

"मा. श्री. कोंडीबा रामचंद्र सूर्यवंशी यांचे हार्दिक स्वागत!" मी दम घ्यायला थांबलो. मागं बसलेल्या लोकांना वाटलं मंगलाष्टक संपलं. धाडदिशी अक्षता आल्या! सगळ्या माझ्या तोंडावर!

"मा. श्री. शंकर रामचंद्र सूर्यवंशी, माजी सैनिक, यांचे हार्दिक स्वागत!" परत अक्षता! नाकात तांदूळ, कानात तांदूळ. विसाव्या नावाला भटजी घड्याळ दाखवाय लागले. तिसाव्याला नवरदेव घोड्यावरच पेंगाय लागला. चाळिसाव्याला लोणंदचे वराचे मामा स्टेजवर चढले.

"ओ! मुहूर्त चाललाय! आन् काय हो, आमची न्हाई व्हय माणसं? आमच्याकडची नावं का न्हाई घेत? आमाला काय वाटेवरनं उचलून आणलंय?"

"मामा, तुमचं बी तसंच..."

'तसंच' म्हटलं मातर, आख्खा मांडव "ए!" म्हणून वरडला. दादा माझ्याकडं असा बगाय लागला की सीमेवरचा शत्रू बी पळाला असता. मी गपचूप त्यांची यादी मागितली. एकाहत्तर नावं निघाली!

बारा चाळीस गेलं. एक गेला. भटजीनं रागारागानं पंचांग उघडलं आन् दोन पाचचा मुहूर्त काडला. घसा असा बसला की शेवटची नावं बेडकासारखी निघाली. पण बाबूरावांच्या नावाला मी थांबलो, पाणी प्यालो आन् स्पष्ट म्हटलं, "मा. श्री. बाबूराव गणपती सूर्यवंशी." बाबूरावांनी यादीवर खूण केली न्हाई. नुसता फेटा सरळ केला.

दोन पाचला लगीन लागलं. ह्या येळी अक्षता सृष्टीवर पडल्या. माझ्याकडं शिल्लक व्हत्याच, त्या मी टाकल्या.

मग पंगत. कोंडीबाआण्णा पानावर बसला. सगळी भावकी त्याच्या हाताकडं टक लावून. दादा सोता जिलबी घेऊन वाकला. आण्णानं यादी खिशातनं काडली, एकदा वरनं खाली बगितली, घडी घातली.

"चौसष्ट भरली," म्हणाला, आन् जिलबी मोडली.

नऊ वर्षांचा राग एका जिलबीत मिटला! शंकरआण्णा कोंडीबाआण्णाला म्हणाला, "अजून एक घे की आण्णा." मला वाटलं, जितलं! तह झाला! असा ऐटीत घरी आलो की जणू मीच नवरदेव.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो. माझी बायको राजेश्वरी. तिनं ताट ठेवलं. ताटात काय बी न्हाई.

"आगं, भाकरी?"

ती चुलीकडंच तोंड करून बोलली. "एकशे पस्तीस नावं घेतली काल. माझा भाऊ शंभूराज पहाटेपासनं कार्यालयात पाण्याची पिंपं भरत व्हता. त्याचं नाव घेतलं का?"

"आगं, त्यो घरचाच! सगळ्यांना समजतंय की त्यो आपला हाय..."

"व्हय. समजलेलं परत सांगायचं न्हाई, न्हवं?"

"न्हाई, म्हंजी... आगं, पण भाकरी?"

"परवा वाढली व्हती की," राजेश्वरी म्हणाली. "आज तसंच समजा!"