चार गोदामांचे आप्पा

जे जपलं जातं तेच टिकतं, आणि जे टिकतं त्यालाच पुढे माणसं संस्कृती म्हणतात. हे तत्त्व निपाणीत यल्लाप्पा पाटलांइतकं कुणी अंगी बाणवलेलं नाही. आपल्या घराची किल्ली त्यांनी चार ठिकाणी ठेवली आहे: एक शेजारी म्हणून माझ्याकडे, एक स्टँडजवळच्या चहावाल्याकडे, एक लोंढ्याला बहिणीकडे आणि एक स्वतःच्या खिशात. गेल्या उन्हाळ्यात खिशातली हरवली, तेव्हा बाकीच्या तिन्ही गोळा केल्या गेल्या. लोंढ्याची किल्ली घेऊन भाऊजी भर उन्हात आले. तिन्ही किल्ल्या अगदी एकसारख्या निघाल्या. कुलूप मात्र आप्पांनी दिवाळीत बदललं होतं.

"एका जागी ठेवलं म्हंजे ठेवलंच न्हाय, सर," हे त्यांचं आवडतं वाक्य. दर वर्षी त्यांच्या घरच्या लोणच्याची एक बरणी आमच्याकडे येते. आम्ही ती भेट समजून खाल्ली. श्रावणात आप्पा ती न्यायला आले आणि रिकामी बरणी बघून म्हणाले, "म्हंजे तुमची प्रत गेली म्हणायची."

सुमनवैनी दारातून ओरडल्या, "सर, ह्यास्नी इचारा, बायको किती ठिकाणी ठेवलीया!"

"एकच हाय, म्हणून तर भ्या वाटतं," आप्पा गंभीरपणे म्हणाले.

आप्पा घरी बसून बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम करतात. पण त्यांचा जीव अडकलाय तो त्यांच्या स्वतःच्या एका प्रोग्राममध्ये. कानडी शब्द मराठी अक्षरांत टाइप करावेत, कानडी लिपीत उमटावेत. कचेरीत कानडी अर्ज द्यायचा असला की आमच्याकडची निम्मी माणसं तो वापरतात, कारण तो फुकट आहे. त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. तो ठेवायचा असतो रेपोत. रेपो म्हणजे कोडचं गोदाम. कुणी कोणती ओळ घातली, कुणी काढली, हे त्यात नावानिशी राहतं. लोक एक गोदाम निवडतात आणि गप्प बसतात. आप्पांची चार आहेत: एक बड्या कंपनीचं, एक तिच्या स्पर्धकाचं, एक हौशी लोकांनी वर्गणी काढून चालवलेलं, आणि एक घरच्या कपाटावर, वैनींच्या पैठणीच्या डब्याशेजारी गुरगुरणारी पेटी. लॅपटॉपवर काही बदलून आप्पांनी एक बटण दाबलं की ते चारही ठिकाणी पोचतं. याला सिंक म्हणतात. हे पोचवणारं साधनही जगभरच्या अनोळखी लोकांनी मिळून फुकट बनवलेलं आहे, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी आप्पांनी चुका कळवून हैराण केलं असावं.

एकदा माझ्या लॅपटॉपवरही त्यांनी पाचवी शाखा उघडली. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. मला वाटलं, जपणुकीच्या कार्याला आपला हातभार. त्यानंतर दर तासाला लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा फिरू लागला. ऑनलाइन बैठकीत प्राचार्यांचा चेहरा गोठला. तो एरवीही हलत नाही, म्हणून कळायला वेळ लागला. आप्पा सकाळी फाटकावरूनच विचारत, "सर, तुमची शाखा मागं पडलीया. रात्री झाकून ठेवलासा काय?" शेवटी मी ते सिंक बंद केलं आणि आप्पांना सांगितलं नाही. त्या वर्षातली ती माझी सर्वांत शांत झोप.

मला सगळ्यात राग येई तो वर्गणीवाल्या गोदामाचा. ते सारखं बंद पडे. मग आप्पा जेवण सोडून बसत.

"तिथं कुणी फिरकत नाही, आप्पा. काढून टाका की ते."

"असू दे वो. एका जागी ठेवलं म्हंजे..."

"तीन जागी आहे की!"

आप्पा उगाच स्क्रीन पुसत राहिले. वैनी म्हणाल्या, "तिकडं परशा असतोय, सर."

परशा म्हणजे परशुराम कांबळे, उचगावचा. दोघांनी बेळगावात हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहून हा प्रोग्राम लिहिला. एका ताटात जेवायचे, म्हणे. पुढं भांडण झालं. कारण मी वैनींना दोनदा विचारून पक्कं करून घेतलं: प्रत्येक फाईलच्या शेवटी एक रिकामी ओळ सोडावी, असं आप्पांचं मत. सोडू नये, असं परशाचं. "तुज्या गोदामात परत पाय ठेवणार न्हाय," म्हणून परशा त्या वर्गणीवाल्या गोदामात कामाला लागला. पगार नाही, पण मान असावा. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. आणि थोड्याच दिवसांत आप्पांनी तिथं तिसरी प्रत सुरू केली.

परवाच्या रविवारी लॅपटॉप संथ झाला म्हणून आप्पांनी तो पुसून कोरा केला. "चार ठिकाणी हाय की, भ्या कशाला?" मग कोऱ्या लॅपटॉपवर प्रोग्रामच्याच नावानं एक चाचणीची फाईल बनवली, तीत "नमस्कार" एवढंच लिहिलं आणि सवयीनं सिंक चालवलं. सिंकनं आपलं काम चोख केलं. मिनिटाभरात चारही गोदामांतला जुना माल नोंदींसकट जाऊन चारही ठिकाणी "नमस्कार" झाला. चारही प्रती तंतोतंत सारख्या.

वैनींनी मला हाक मारली तेव्हा आप्पा खुर्चीत बसले होते, पण बसलेल्यासारखे दिसत नव्हते.

"सर, तुमची शाखा?"

मी लॅपटॉप आणला. सिंक बंद केल्याचं सांगावंच लागलं. माझी प्रत वर्षापूर्वीची होती, आणि तीही नुसत्या कोडची, नावांच्या नोंदी नसलेली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"कोडचं काय न्हाय वो," आप्पा म्हणाले. "वर्षाचं हाय, लिहीन परत. पण परशाचं नाव व्हतं त्येच्यात, पैल्या ओळीपास्नं. आता तिकडं बघितलं तर कोरं. त्येला वाटंल, मी मुद्दाम पुसलं त्येला."

"तो बघतो कशावरून?"

"बघत नसंल. पण बघितलं तर?"

"मग फोन करून सांगा की."

"फोन कसा करायचा, सर? बोलत न्हाय आमी."

वैनींनी चहा टाकला. तो उकळायच्या आत लॅपटॉप टिंग वाजला. वर्गणीवाल्या गोदामातून कुणीतरी सगळा माल परत पाठवला होता. मंजूर करा, एवढंच बाकी. पाठवणाऱ्याचं नाव परशुराम कांबळे. आप्पांनी खाली खाली जाऊन पाहिलं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी केलेला शेवटचा बदलसुद्धा त्यात होता.

"म्हंजे रोज घिऊन जात व्हता की वो हा," वैनी म्हणाल्या.

आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, घातला, परत काढला. सोबत परशाचा निरोप होता: "सगळं हाय. शेवटची रिकामी ओळ तेवढी काढलीया."

आप्पांनी मंजूर केलं. चहा प्यायले. मग ती ओळ परत घातली आणि सिंक चालवलं.

सोमवारी सकाळी परशानं ती काढली.

सध्या ती ओळ एक दिवस असते, एक दिवस नसते. चारही ठिकाणी.