डिमेलो अंकलच्या पायऱ्या

बसून करायची नोकरी मिळालेली आमच्या घरातली मी पहिली. वडील चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहायचे. वर्कशॉप बंद पडलं आणि ते दीड वर्ष काळाचौकीच्या आमच्या खोलीत बसून राहिले. ते बसणं घरात कुणालाच मानवलं नाही, त्यांना तर नाहीच. आई एका खानावळीत उभ्याने पोळ्या लाटायची. मी चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून फिजिक्स पाठ केलं आणि बी.एस्सी. झाले. समुद्राच्या नोंदी ठेवणाऱ्या फोर्टातल्या एका ऑफिसात लागले, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "खुर्ची देतात ना?"

देतात. पहिल्या दिवशी मी तिच्यावर बसले न बसले तोच समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काय गो, पायरी किती?"

मी म्हटलं, "बी.एस्सी., फिजिक्स."

"ते नाय विचारलं. तू. आज. पायरी किती?"

हे डिमेलो अंकल. गिरगावातल्या एका जुन्या वाडीत राहतात. त्यांची मराठी आमच्या चाळीतल्या मराठीपेक्षा जुनी आहे आणि तिचा त्यांना अभिमान आहे. जगातली प्रत्येक गोष्ट ते पायऱ्यांत मोजतात. पहिली पायरी म्हणजे तळ. तिथे माणूस कोरडा ठणठणीत, काही काळजी नाही. नववी म्हणजे पाणी डोक्यावरून जाण्याच्या बेतात. साहेब चिडले की अंकल हळूच म्हणतात, "सातवी." कॅन्टीनचा चहा कायम दुसरीवर. माझ्या लग्नाचं घरात बोलणं सुरू झालं तेव्हा मी न सांगताच ते म्हणाले, "बी.एस्सी., आज तू आठवीवर हायस. घरी कोण आलेला?"

त्या दिवसापासून माझं नाव बी.एस्सी. पडलं. मी तक्रार केली नाही. ते नाव मिळवायला मला तीन वर्षं लागली होती.

या पायऱ्या खऱ्या आहेत. बंदरासमोर एक छोटं बेट आहे. तिथल्या धक्क्याला समुद्रात उतरणाऱ्या नऊ पायऱ्या आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी अंकलनी लाँचवाल्याच्या हाती पिवळ्या ऑइलपेंटचा डबा पाठवला आणि धक्क्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या हिराबायकडून पायऱ्यांवर खालून वर एक ते नऊ आकडे रंगवून घेतले. तेव्हापासून रोज सकाळी बरोबर नऊ वाजता ते ऑफिसच्या लँडलाइनवरून तिला फोन करतात.

"हिराबाय, पायरी किती?"

"पाचवी. अर्धी भिजली."

"अर्धी म्हणजे अर्धी की तुझी अर्धी?"

"ओ डिमेलो, मापून घ्यायचं तर ये हिकडं."

तेवढं मात्र अंकल कधीच करत नाहीत. समुद्राच्या ऑफिसात आयुष्य काढलेला हा माणूस बोटीत बसत नाही. त्यांना बोट लागते. धक्क्याला बांधलेली लाँच नुसती हलताना पाहिली तरी ते भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. कारण विचारलं तर म्हणतात, "मना समुद्र बघायचा पगार देतात. आत शिरायचा नाय."

गेल्या मे महिन्यात त्या धक्क्याची दुरुस्ती झाली आणि लगेच जूनमध्ये आमच्या ऑफिसने तिथे एक मशीन बसवलं. ते धक्क्याच्या कट्ट्यावरून खाली पाण्याकडे पाहतं, पाणी आपल्यापासून किती खाली आहे ते मोजतं आणि दर सहा मिनिटांनी आकडा पाठवतं. पाणी ठरलेल्या खुणेवर जाणार असं दिसलं की बेटावरच्या सगळ्या मोबाइलवर इशारा जातो. साहेबांनी पेढे वाटले आणि अंकलना सांगितलं, "डिमेलो, आता तो फोन बंद करा."

अंकलनी पेढा घेतला. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन केला.

वाद तिथे सुरू झाला. हिराबायची पायरी आणि मशीनचा आकडा जुळेना. मशीन पाणी वीतभर खाली दाखवायचं. साहेब म्हणाले, बाईंना नीट दिसत नसेल. अंकल म्हणाले, "ती चष्मा लावते. मशीन लावते काय?"

मी मशीनच्या बाजूने होते. हे कबूल करायला लाज वाटते, पण होते. चहाच्या टपरीवरून मोजलेलं खरं मानायचं, तर मी टाकीला टेकून काय शिकले? अंकल चुकतायत हे दाखवायला मी दोन महिन्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या आणि आलेख काढला. माणसाच्या डोळ्याची चूक कधी वर जाते, कधी खाली. ही चूक रोज तेवढीच होती. उधाणाची मोठी भरती असो, भांगाची लहान भरती असो, वीत म्हणजे वीत.

"अंकल," मी म्हटलं, "तुमची बाई बरोबर आहे."

"ती माझी बाई नाय," अंकल गंभीरपणे म्हणाले. "ती हिराबाय हाय."

वीतभर पाण्याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. बेटावर गोड्या पाण्याची एकच विहीर आहे, आणि ती किनाऱ्याला लागून आहे. श्रावणातल्या अमावस्येच्या मोठ्या उधाणात पाणी नवव्या पायरीवर चढलं की एका सखल जागेतून ते थेट विहिरीकडे वळतं. आदल्या दिवशी तिथे मातीचा बांध घातला तर विहीर वाचते. नाही घातला तर खारं पाणी आत जातं आणि गाव महिनोन्‌महिने लाँचमधून हंडे आणतं. अमावस्या पुढच्या बुधवारी होती, मोठं उधाण गुरुवारी. मशीनच्या हिशेबाने पाणी नवव्या पायरीच्या वीतभर खाली थांबणार होतं. म्हणजे इशारा जाणार नव्हता.

"मग हिराबायला सांगा ना फोनवर," मी म्हटलं.

"सांगितलं. ती बोलली, चहावालीच्या सांगण्यावरून कोण फावडा उचलील? आता सगळी मोबाइल बघतात."

साहेबांना आम्ही दोघांनी सांगितलं. साहेब म्हणाले, मशीन परदेशी आहे. मग अंकलच म्हणाले, "बी.एस्सी., रविवारी आपणच बेटावर जाऊन मोजू."

रविवारी सकाळी मी शहराच्या बाजूच्या लाँचच्या धक्क्यावर पोचले तेव्हा अंकल आधीच आले होते. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात मोजपट्टी, बगलेत बेटावरच्या धक्क्याचा जुना नकाशा, खिशात लिंबाच्या गोळ्या आणि प्लॅस्टिकच्या चार पिशव्या.

"चार?" मी विचारलं.

"दोन जायच्या, दोन यायच्या. मी हिशेबी माणूस हाय."

जाताना तीन लागल्या. लाँचवाल्याने विचारलं, "काका, पहिल्यांदाच का?" अंकलचं तोंड पिशवीत होतं. त्यांनी बोटांनी नऊ दाखवले.

बेटावर उतरल्यावर ते आकडे रंगवलेल्या पायऱ्या एकेक करून चढले. वर टपरीत चष्मा लावलेली, काटकुळी बाई कपबश्या विसळत होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं. इतक्या वर्षांत रोज बोललेली ही माणसं समोरासमोर कधी आली नव्हती.

"डिमेलो?" हिराबाय म्हणाली. "मना वाटलं तू जाडा असशील."

"मना वाटलं तू म्हातारी असशील."

"हायच की."

मग आम्ही मोजायला लागलो. नवव्या पायरीपासून कट्ट्याच्या माथ्यापर्यंत नकाशात होतं त्यापेक्षा प्रत्यक्षात वीतभर जास्त भरलं. मी पुन्हा मोजलं. तेवढंच.

"भरणारच," हिराबाय म्हणाली. "मे महिन्यात कट्ट्यावर सिमेंटचा नवा थर घातला ना."

मशीन त्या थरावर उभं होतं आणि हिशेब जुन्या नकाशाचा करत होतं. आपण वीतभर वर उचललो गेलोय हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

"हिराबाय!" अंकल जवळजवळ ओरडले. "मग बोलली का नाय?"

"तू रोज पायरी इचारतोस. कट्टा कदी इचारलास?"

अंकल टपरीच्या बाकड्यावर बसले. आकड्यांवर एवढा जीव असलेल्या माणसाने रोज एकच प्रश्न विचारला होता, आणि बाईने रोज त्याच प्रश्नाचं चोख उत्तर दिलं होतं. मी कट्ट्याचे, मोजपट्टीचे, नकाशाचे फोटो काढले. परतीच्या लाँचला तासभर वेळ होता.

अंकल बाकड्यावरच होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, अजून मळमळतंय. मी पाणी घेऊन निघाले तर हिराबायने माझा हात धरला.

"बसू दे त्याला. रविवार हाय."

"म्हणजे?"

"रविवारी पन फोन करतो. घरनं. पायरी नाय इचारत. बोलतो, हिराबाय, फोन तसाच फळीवर ठेव. मी ठेवते. गिऱ्हाइकं बोलतात, पोरं भांडतात, स्टो पेटतो, कपबश्या वाजतात. तो ऐकत बसतो. तास तास. बाईल गेली तेव्हापासून." ती पुन्हा कपबश्या विसळू लागली. त्या दिवशी जरा मोठ्याने विसळत होती, असं मला वाटलं. "त्याच्या घरात आवाज नाय ना गो."

मी पाण्याचा पेला तसाच ठेवून दिला. लाँचचा भोंगा वाजेपर्यंत आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही.

सोमवारी साहेबांनी फोटो दहा मिनिटं पाहिले आणि म्हणाले, "ही शंका मला पहिल्यापासून होतीच." त्याच दुपारी मशीनचा हिशेब वीतभराने सुधारला. मंगळवारी संध्याकाळी बेटावरच्या सगळ्या मोबाइलवर इशारा गेला. बुधवारी गाव फावडी घेऊन उतरलं आणि दिवेलागणीपर्यंत बांध उभा राहिला.

गुरुवारी दुपारी साडेबाराला पाणी नवव्या पायरीवरून वर आलं आणि बांधाला लागून थांबलं. एक वाजता ऑफिसचा फोन वाजला. अंकल उचलेनात, म्हणून मी उचलला.

"बी.एस्सी. काय गो तू?" हिराबाय म्हणाली. "त्याला सांग, आताच पाणी काढून चहा टाकला. गोड हाय."

मी सांगितलं. अंकलनी मान हलवली, चष्मा काढून पुसला आणि पायरीच्या नोंदवहीत लिहिलं: विहीर वाचली.