घर बघून जीप

जुनी जीप घ्यायला गेलेला माणूस आधी काय करतो? बॉनेट उघडायला लावतो, टायरवर लाथ मारून बघतो, सायलेन्सरपाशी वाकून धूर हुंगतो आणि यातलं काही कळत नसलं तरी गंभीरपणे 'हं' म्हणतो. आमच्या गल्लीतले तात्या यातलं काहीच करायचे नाहीत. ते जीपला वळसा घालून सरळ घराच्या ओट्यावर जायचे, चपला काढायचे, टोपी मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "पाणी मिळंल का?"

विकणारा बिचारा बॉनेट उघडून उभा. त्याच्यासमोर मी. मग 'हं' म्हणायचं काम माझ्याकडे यायचं.

मी तेव्हा बारामतीच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो आणि राहायला इंदापूरला. म्हणजे रोजचं अप-डाऊन. अप-डाऊनवाल्याला उभ्याने झोपता येतं आणि बसल्या जागी भांडता येतं. बाकी त्याला कुठलीही कला येत नाही. सकाळचं जाणं एक वेळ जमायचं, पण ऊस तुटायला लागला की संध्याकाळचा रस्ता कारखान्यांच्या मालकीचा व्हायचा. अंथुर्ण्याजवळ दोन-दोन ट्रॉल्यांचा एखादा ट्रॅक्टर आडवा झाला की मागे बसगाड्या, बैलगाड्या, पुढाऱ्यांच्या पांढऱ्या सुमो, सगळे एका रांगेत समान. आमच्या भागात समता बघायची ती तिथेच.

तात्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातून रिटायर झालेले. फडाच्या बांधावर उभं राहून किती टन ऊस निघेल ते सांगायचे आणि ते फारसं चुकायचं नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी शोभा. शोभा नर्सिंग शिकलेली. थाटात लग्न करून भीमेपलीकडे दिली होती आणि चार वर्षांनी ती कायमची परत आली होती. तात्यांसमोर याबद्दल काही बोलायचं नाही, असं गल्लीने ठरवलं होतं. तात्या घरात गेले की दुसरं काही बोलायचं नाही, असंही गल्लीने ठरवलं असावं.

त्या वर्षी शोभाला बारामतीच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाई दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवायला तयार होत्या. पण ड्यूटी सुटायची दिवेलागणीला आणि तिथून पुढे अंथुर्ण्याचा तो ट्रॅक्टर. खोली घेऊन एकटीने राहायची शोभाची तयारी होती. तात्यांची नव्हती.

"जीप घिऊ," तात्या मला म्हणाले. "जुनी असली तरी चालंल. रंग नसला तरी चालंल. पर मधी टाकून जाणारी नको. तुमी संगं चला, तुमाला यातलं कळतं."

मला यातलं काही कळत नव्हतं. पण डिझेलचा वाटा उचलला तर रोज बसायला जागा मिळेल, असं ते पुढे म्हणाले आणि मला बरंच कळायला लागलं. ड्रायव्हरशेजारच्या, खिडकीला कोपर टेकवायच्या त्या सीटवर मी मनातल्या मनात बसलोसुद्धा.

मग दर रविवारी आमची स्वारी निघायची. तात्या परीटघडीचा सदरा घालायचे, खिशात अडकित्ता आणि सुपारी. पाहुण्यांकडे निघाल्यासारखा सगळा थाट. पहिली जीप बावड्याला बघितली. म्हणजे मी बघितली. काय जीप होती! नवा रंग, नवं हूड, आरशाला गोंडा. चावी फिरवली की एका झटक्यात सुरू. मालक रस्त्याची कामं घेणारे कंत्राटदार, त्यांनी मला गावाबाहेरच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. परत आलो तेव्हा तात्यांचा चहा संपला होता आणि ते मालकाला म्हणत होते, "आणिक येक कप झाला असता तर..."

हा तात्यांचा नियम. "पयल्या च्याला समदीच गोड असत्यात," ते म्हणायचे. "दुसरा मागावा आन् कान आत ठिवावा."

कंत्राटदारांनी मान वळवून घरात आवाज दिला, "अगं ए, मेलीस काय? च्या टाक म्हणलं ना पावण्यास्नी!" आत एक भांडं पडलं. तात्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि उठले. "न्हाय जमायचं."

"अवं, तुमी अजून गाडी बघितली बी न्हाय!"

"बघितली की."

परतताना बसमध्ये आम्ही दोघं दांड्याला लोंबकळत होतो. मी चिडून विचारलं, "तात्या, चहाचा आणि क्लचचा काय संबंध?" तात्या शांतपणे म्हणाले, "जो घरातल्या मान्सावर असा वराडतो, त्यो गेर कसा टाकत आसंल? गाडीला तर उलटून रडता बी येत न्हाय." मी आणखीच चिडलो.

पुढच्या रविवारी बारामतीच्या बाजूला एका पुढाऱ्याकडे गेलो. दारात पाया पडणाऱ्यांची रांग. साहेबांना नवी सुमो आली होती, म्हणून जुनी जीप काढायची होती. साहेब रांगेकडे बघत आमच्याशी बोलत होते आणि आमच्याकडे बघत रांगेशी. जीप धुऊनपुसून उभी, बाजूला ड्रायव्हर. तात्यांनी जीपबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ड्रायव्हरला विचारलं, "जेवलास का रं?"

ड्रायव्हर हसला. "सायबांचं झाल्यावर बगू."

"आन् सायबांचं कवा हुतं?"

"ते काय सांगता येत न्हाय. कवा कवा संध्याकाळच्या मिटिंगनंतर."

झालं. बाहेर आल्यावर तात्या म्हणाले, "डायवरला उपाशी ठिवणारा इंजनात ऑइल घालतोय व्हय? धा जनांम्होरं हात जोडणारा मानूस, पर आपल्या मान्साचं पोट त्याला दिसत न्हाय." मी म्हणालो, तात्या, असं बघत बसलो तर या दोन तालुक्यांत एकही जीप मिळणार नाही. तात्या म्हणाले, "मग न्हाय मिळायची."

दिवाळी जवळ येत चालली. शोभा काही बोलायची नाही. पण एकदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती नर्सचा पांढरा ड्रेस इस्त्री करत होती. कुठेही जायचं नसताना. मला पाहून तिने तो घडी घालून बाजूला ठेवला. तात्यांनी ते पाहिलं आणि सुपारी कातरत बसले.

तिसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. बारामतीहून ओळखीचा मिस्त्री सोबत घेतला. निमगाव केतकीच्या पुढे एका बागायतदाराकडे जीप होती. मिस्त्री अर्धा तास जीपखाली आडवा होता. बाहेर आला तो काळाकुट्ट होऊन आणि हसत. "तात्या, डोळं झाकून घ्या. अशी ठिवल्याली गाडी म्या बघितली न्हाय." जीपला स्वतंत्र पत्र्याचं शेड, वर ताडपत्री, खाली विटांची फरशी. कुठे धूळ नाही की ओरखडा नाही.

मी विजयी मुद्रेने तात्यांकडे पाहिलं. ते शेडकडे बघतच नव्हते. अंगणात, भर उन्हात एक बाज टाकलेली होती. तिच्यावर मालकाची म्हातारी आई पदराने तोंड झाकून पडली होती. सकाळी तिथे सावली असेल, आता नव्हती. तात्यांनी बाजेचं एक टोक धरलं, मला दुसरं धरायला लावलं आणि आम्ही म्हातारीला बाजेसकट शेडमध्ये जीपशेजारी नेऊन ठेवलं. मालक बघत राहिला. मग तात्या म्हणाले, "न्हाय जमायचं."

या वेळी मात्र मी सोडलं नाही. बाहेर आल्याबरोबर म्हणालो, "तात्या, तुमच्याच हिशेबाने बोला. घर वाईट तर जीप वाईट, कबूल. पण इथे घर वाईट आणि जीप उत्तम! आईपेक्षा जीप सांभाळलीय त्याने. आपल्याला आई विकत घ्यायची आहे की जीप?"

मिस्त्री हसला. तात्या हसले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "गाडी चांगली हाय. ते बराबर हाय तुमचं. पर मला त्या घरातनं काय आणायचं न्हाय."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाचं हे सगळं जीपबद्दल नाहीच आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नरसिंहपूरला गेलो. तिथली जीप मला लांबूनच दिसली. तिचा मूळ रंग कोणता हे ओळखता येत नव्हतं. हूडला ठिगळं होती. मागच्या सीटवर एक कोंबडी बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मी 'हं'सुद्धा म्हणालो नाही.

तात्या ओट्यावर. पाणी आलं. चहा आला. तात्यांनी दुसरा मागितला. मालक, साठीचा गृहस्थ, स्वतःच उठला. "सुनबाई पीठ मळतीया, हात भरल्यालं हायीत तिचं. म्या ठिवतो." आणि खरोखर आत जाऊन चहा ठेवायला लागला. तेवढ्यात आतून ठणठणीत आवाज आला. "पावणं, गाडी घ्यायच्या आदी ऐका. दुसरा गेर टिकत न्हाय तिचा. हातानं दाबून धरावा लागतो. मागनं बोल नको आमाला."

मी मालकाकडे पाहिलं. आता हा गरजणार. विकायला काढलेल्या जीपचा दोष घरची सून गिऱ्हाइकाला ओरडून सांगते आहे! मालक कपबशी घेऊन बाहेर आला आणि हसून म्हणाला, "खरं हाय तिचं. मळ्यात तीच चालवती, तिला ठावं."

"आन् डिझेल बी जास्त खाती," आतून पुरवणी आली.

"ते बी खरं हाय," सासरा म्हणाला.

तात्यांनी चहा बशीत ओतला, सावकाश संपवला आणि टोपी डोक्यावर ठेवली. "जमलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. चहा गरम असावा असं समजून मी दुसरीकडे पाहिलं.

व्यवहार तिथल्या तिथे झाला. कोंबडीला उतरवून आम्ही इंदापूरच्या रस्त्याला लागलो. कारखान्यात असताना जीप शिकलेले तात्या चालवत होते आणि दुसरा गिअर पडला की डाव्या हाताने दांडा दाबून धरत होते. तरी एकदा तो निसटलाच. जीप रेकली, मी दाराला धरलं आणि म्हणालो, "तात्या, इतक्या चांगल्या गाड्या सोडून ही? आता तरी खरं सांगा."

रस्त्यावरची नजर न काढता तात्या बोलले. "शोभीचं स्थळ बगाय गेलतो, तवा दारात जीप हुती. कोरी करकरीत. म्या तिला फेरी मारली, बॉनेटवरनं हात फिरवला. जावयानं पार नदीपातूर फिरवून आणलं. घरी यिऊन शोभीच्या आयला सांगितलं, पोरगी जीपमधनं माहेराला यील गं." त्यांनी गिअर बदलला. "घर बघायचं ऱ्हायलं बगा. आत कोन कुनाला कसं बोलतंय, ऐकलंच न्हाय. साधं पाणी बी मागितलं न्हाय मी त्या घरात."

खड्डा आला, तात्यांनी दांडा पुन्हा दाबून धरला.

"त्या जीपमधी येकदा बी बसली न्हाय ती. आली ती बसनं, येकलीच, हातात पिशवी. आय तर आदीच गेल्याली. मला म्हणली, तात्या, दमलीया, च्या ठिवता का?"

माझ्या थट्टेची मला लाज वाटली, पण ते त्यांना सांगायला जमलं नाही.

दिवाळीनंतर शोभा कामावर जायला लागली. खिडकीची पुढची सीट तिला मिळाली. मला मागची, कोंबडीची. वास बरेच दिवस टिकला. तात्या तिला दवाखान्यात सोडायचे, दिवसभर समोरच्या झाडाखाली पेपर वाचत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विड्या सोडण्याचे सल्ले देत बसायचे आणि संध्याकाळी आम्हा दोघांना घेऊन निघायचे.

उन्हाळ्यापर्यंत शोभा बाजारतळावर जीप शिकली. लायसन आलं त्या दिवसापासून ती चालवायला आणि तात्या तिच्या शेजारी. गिअरचा रोग तसाच होता, पण आता दोघांत वाटून घेतलेला. शोभा दांडा टाकायची आणि म्हणायची, "तात्या, दुसरा!" तात्या उजवा हात दांड्यावर दाबून म्हणायचे, "धरला!" ती तिसरा टाकेपर्यंत तो हात हलायचा नाही. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आणि प्रत्येक गावाच्या वेशीला हा संवाद. मागे मी झोपेत असलो तरी 'दुसरा' म्हटलं की मला जाग यायची आणि 'धरला' म्हटलं की पुन्हा झोप लागायची.

पावसाळ्याच्या तोंडावर शोभाने स्वतःच्या पगारातून गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करून घेतला. माझ्या त्याच मिस्त्रीने काम केलं. तात्या दिवसभर गॅरेजमध्ये बसून होते. मिस्त्रीने दांडा दुसऱ्यात टाकून, हात सोडून, जीप पळवून दाखवली. "आता धरायची गरज न्हाय तात्या. हत्ती बसला तरी निघायचा न्हाय."

तात्या "बरं झालं" म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून उठले. आपल्याला रोज बारामतीला जायचं आता काही कारण उरलं नाही, हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तर तात्या जीपपाशी उभे. परीटघडीचा सदरा, डोक्यावर टोपी, हातात फडकं. काच पुसत होते. पुसलेलीच काच पुन्हा पुसत होते. शोभा डबा घेऊन बाहेर आली, त्यांच्याकडे बघितलं आणि चावी फिरवत म्हणाली, "बसा की. उशीर हुतोय."

तात्या बसले. हात मांडीवर ठेवून, बाहेर बघत. निमगाव केतकीच्या अलीकडे खड्डे लागले, शोभाने गाडी हळू केली, दांडा दुसऱ्यात टाकला आणि रस्त्याकडे बघतच रोजच्या आवाजात म्हणाली, "तात्या, दुसरा."

"धरला," तात्या म्हणाले.