मिसोचा बांध

होणाऱ्या जावयाची परीक्षा कालवांवर घ्यायची, हे होरिएसाहेबांच्या घरी एकमताने ठरलं होतं. मत अर्थात होरिएसाहेबांचं. कानाए नदीच्या बांधखात्यात एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते, आणि आपल्या कारकिर्दीत एकही बांध फुटला नाही, हे त्यांनी बायकोला, मुलीला आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला पाठ होईपर्यंत सांगितलं होतं. आता हाताखाली नदी उरली नव्हती. म्हणून हिवाळाभर ते मातीच्या भांड्यावर अधिकार गाजवत.

भांड्याच्या आतल्या कडेला मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, जाड थर थापायचा, मध्ये रस्सा, कोबी, टोफू आणि कालवं. खारट मिसो हळूहळू विरघळत रश्शात उतरतो. हिरोशिमाकडे त्या थराला बांधच म्हणतात, तेव्हा हा पदार्थ आपल्याच खात्याच्या अखत्यारीत येतो याबद्दल साहेबांना शंका नव्हती. त्यांच्या पत्नी फुसाएबाईंकडे कालवं किसलेल्या मुळ्यात घोळून धुण्याचं किरकोळ काम होतं.

मुलीने, चिनात्सुने, आणलेला ओकिमोतो समोर गुडघे मोडून बसला होता. बाबा हो म्हणाले तर वसंतात लग्न, नाहीतर नाही, हे तिने त्याला वाटेतच बजावलं होतं. सांगितल्याशिवाय भांड्याला हात लावायचा नाही, हेही.

साहेब लाकडी पळीने बांध गुळगुळीत करत पाया, उतार आणि भरावाची माती यांवर बोलू लागले. मुलगा मान डोलवत राहिला आणि टेबलावरच्या शेगडीवर रस्सा खदखदू लागला.

"अहो, आच कमी करा," फुसाएबाई म्हणाल्या.

"पाण्याचं मला शिकवू नकोस."

कोबीला पाणी सुटलं. कालवांना सुटलं. पाहुण्याला कमी पडू नयेत म्हणून साहेबांनी आणखी वाडगाभर कालवं ओतली, त्यांनाही सुटलं. रस्सा बांधाला टेकला आणि चिनात्सुच्या बाजूला भेग पडली. साहेबांनी ती मिसोने बुजवली. समोर दुसरी पडली, तीही बुजवली. डब्यातला मिसो संपेपर्यंत दुरुस्तीचं काम उत्तम चाललं होतं. शेवटी बांध इतका जाड झाला की तो स्वतःच्याच वजनाने सुटला आणि सबंधच्या सबंध भांड्यात बसला.

रस्सा टेबलावर आला आणि टेबलावरून ओकिमोतोच्या नव्या पँटवर. भांड्यात उरला तो तपकिरी चिखल, त्यात शर्टाच्या बटणाएवढी झालेली कालवं. साहेबांची मान लाल झाली. चिनात्सुला आपलं लग्न डोळ्यांदेखत वाहून जाताना दिसलं.

"फुटला," फुसाएबाई म्हणाल्या. एकतीस वर्षं ऐकून घेतल्यावर त्यांना हा शब्द उच्चारायची संधी मिळाली होती.

"छे हो काकू, फुटला कसा?" ओकिमोतो पँट पुसत शांतपणे म्हणाला. "परिस्थिती लक्षात घेऊन पाण्याचा नियंत्रित विसर्ग करण्यात आला."

साहेबांचा चेहरा उजळला. असा माणूस खात्यात असता तर ते दोन वर्षं आधीच निर्धास्तपणे निवृत्त झाले असते. हे कुठे शिकलास, असं त्यांनी मोठ्या कौतुकाने विचारलं.

"आजीच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं तेव्हा खात्याचं पत्र आलं होतं, त्यात होतं. आठ वर्षांचा होतो, वाचून वाचून पाठ झालं." त्याने पँट पुसलेला रुमाल घडी करून ठेवला. "खाली तुमची सही आहे."

साहेबांना एकदम लाज वाटली. ही भावना त्यांना नवी होती, त्यामुळे तिचं काय करायचं ते सुचेना. त्यांनी त्या चिखलाने वाडगा भरून घेतला आणि घोट घेतला. तो इतका खारट होता की डोळ्यांत पाणी आलं. पण वाडगा खाली ठेवण्याची हिंमत झाली नाही.

"पाहणीला अधिकारी येतील, असंही लिहिलं होतं," ओकिमोतो म्हणाला. "आजी अजून वाट बघतेय."

साहेबांनी वाडगा शेवटपर्यंत रिकामा केला. मग बायकोकडे न बघता विचारलं, "लग्नाची बोलणी करायला आपणच जायचं असतं ना?"

पुढच्या रविवारी, फक्त एकवीस वर्षांच्या विलंबाने, अधिकारी पाहणीला गेले. आजींनी त्यांना भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवली, जपून ठेवलेलं पत्र दाखवलं आणि जेवायला कालवं वाढली. तळलेली, कोरडी ठणठणीत.

"आमच्याकडे सुकीच करतात," आजी म्हणाल्या. "तेव्हापासून."