तेल गरमच बघायचं असतं

ठाकूरद्वारच्या वाडीत, जिन्यासमोर, तात्यांची गाडी उभी असते. असते म्हणजे असतेच. गाडी हलली की जागा गेली, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून बारशापासून तेराव्यापर्यंत तात्या सगळीकडे टॅक्सीने जात. गाडी रोज पुसायची, चालू करून बंद करायची, बस.

परवा रविवारी मुलाने, अनिशने, नसती अक्कल पाजळली. जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे, गिअरबॉक्सचं तेल कधी बघितलंय का, म्हणाला. तेल संपलं तर गिअरबॉक्स बसतो आणि गाडी टो करून न्यावी लागते. हे ऐकून तात्या तडक खाली धावले. गाडीबरोबर जागाही जाणार की!

त्यांनी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढली. तेल खुणेच्या खाली. तात्यांनी पट्टी अनिशच्या नाकासमोर धरली.

"थंड इंजिनावर कमीच दाखवतं," अनिश म्हणाला. "तेल गरमच बघायचं असतं. एक चक्कर मारून येऊ."

"चक्कर? वेड लागलंय का तुला? इथेच गरम करू."

इथेच गरम केली, तर धूर थेट पहिल्या मजल्यावर अनुजाबाईंच्या स्वयंपाकघरात. बाईंनी खिडकीतून तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी जागेवर खुर्ची टाकून बायकोला, नलूकाकूंना, बसवलं, कोणी आलं तरी उठायचं नाही असं बजावलं, आणि तात्या निघाले. गल्ली संपेपर्यंत ते मागेच बघत होते.

वरळी कोळीवाड्याजवळ गाडी थांबवली. अनिशने इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, दांडा सगळ्या गिअरमधून फिरवला. तात्यांनी पट्टी पुसली, बुडवली, काढली. तेल लालचुटुक आणि बरोब्बर दोन खुणांच्या मध्ये. म्हणजे गाडीला काही धाड भरलेली नव्हती. तात्यांनी भर रस्त्यात पट्टीला नमस्कार केला.

हा आनंद वाडीच्या तोंडापर्यंत टिकला. जागेवर एक मोठी पांढरी गाडी उभी होती आणि खुर्ची भिंतीला लावलेली. तात्यांनी बायकोला फोन लावला.

"आपल्या नूपुरचे होणारे सासरे आलेत, पत्रिकेचा नमुना घेऊन," नलूकाकू कुजबुजल्या. "त्यांना काय सांगू, गाडी दुसरीकडे लावा म्हणून? लग्न मोडायचंय का पोरीचं?"

सगळं गिरगाव पालथं घातलं. बोटभर जागा नाही. अखेर माझगावात मावसभावाच्या दारात गाडी टाकून बापलेक टॅक्सीने परतले. तेलकट हात पुसत तात्या घरात शिरले, तेव्हा व्याही शिरा खात होते.

"जागा झकास आहे हो तुमची," ते म्हणाले. "आमच्या ध्रुवचं ऑफिस इथून चालत जाण्यासारखं, पण पार्किंगची रोजची कटकट."

तात्यांना रोख कळला. पण पडले मुलीचे बाप. कसंनुसं हसत ते म्हणाले, "अहो, आपलीच जागा समजा."

व्याह्यांनी बशी खाली ठेवली आणि तिथल्या तिथे फोन लावला.

"ध्रुव, उद्यापासून गाडी तात्यांकडे लाव. नाही रे, संकोच कसला? ते स्वतःच आग्रह करतायत."