लाभी बसली का, तात्या?

माझ्या बायकोलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. धसईच्या बाजारातली लाभी मी नेऊन सोडली.

लाभी म्हणजे राघोतात्यांची मांजर. तुम्ही म्हणाल, एवढंच ना? पण हे वाक्य मी त्या काळी धसईत उच्चारलं असतं तर व्यापारी तागडी टाकून माझ्या मागे धावले असते. त्या बाजारात जिला काही चारून वळवता येत नाही अशी एकच अधिकारी होती, आणि तिला शेपूट होतं.

राघोतात्या मापाडी होते. शेतकऱ्यानं भाताची रास ओतली की तो आणि व्यापारी यांच्या मधे उकिडवं बसून पायलीनं भात मोजायचं, हे त्यांचं काम. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो; मग दोन, तीन. तात्यांच्या हे इतकं अंगात मुरलं होतं की ते घरी भाकऱ्याही तशाच मोजत आणि बंडीचे बंदही तसेच बांधत. मी धसईच्या शाळेत मास्तर म्हणून गेलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी ओळख काढायची म्हणून विचारलं, "तात्या, घरात माणसं किती?"

"लाभ," ते म्हणाले, आणि छातीवर बोट ठेवलं. मग मांजराकडे बोट करून म्हणाले, "ही धरली तर दोन. पन नाव मी हिला दिलंय माझं. हीच लाभी. मी आपला तिच्या मागं."

लाभी तांबडी होती, डाव्या कानाला खाच होती, आणि तिचा एक गुण होता. ती ओल्या भातावर बसत नसे. भात ओला असला की दाणा फुगतो, मापात जास्त भरतो, त्यामुळे काही शेतकऱ्यांना रास आणण्यापूर्वी तिच्यावर पाण्याचा हात फिरवायची फार हौस. वरून ऊन दाखवलं की कळत नाही. पण लाभीला कळे. तात्या पायली काखेत मारून राशीपाशी यायचे, लाभीला खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "बोल गो." ती राशीवर चढायची. भात सुका असला तर पाय पोटाखाली घेऊन बसायची. ओला असला तर एकेक पाय झटकत उतरायची आणि तात्यांच्या पाठीमागे जाऊन पंजे चाटत राहायची.

"बसली का, तात्या?" व्यापारी दुकानातूनच ओरडायचा.

"बसली."

मग सौदा. नाही बसली तर तात्या शेतकऱ्याला काही बोलत नसत. नुसतं म्हणत, "आज तिचं मन नाय. रास पसर, वाळव, दुपारी परत इचारू."

कोंडू नावाचा एक शेतकरी होता, त्याची रास पहिल्या खेपेला कधीच पास झाली नाही. तो चिडून म्हणायचा, "तात्या, मानसानं मोजावं का जनावरानं?"

"मोजतो मीच. ती फक्त बसते. तुझ्या भातावर तू बसून दाखव, मग बघू."

कोंडू बसला नाही. धोतर ओलं झालं असतं.

आता माझं. शहापूरला एक मुलगी पाहायला जायचं होतं. मामा मुद्दाम आले होते, बैलगाडी दाराशी उभी होती, मी नवा कोट घातला होता. गाडी हलली आणि लाभी समोरून आडवी गेली. मामा म्हणाले, "उतर. पाणी पी. जरा बस." बसलो. पुन्हा निघालो, तर ती तिकडून इकडे. तात्या ओसरीवरून सांगू लागले, "अवो मामा, ती आडवी नाय गेली, कामाला गेलीय. पलीकडं उंदीर हाय." मामांनी ऐकलं नाही. तिसऱ्या खेपेला तात्या स्वतः गाडीपुढून धावत आडवे गेले. म्हणाले, "घ्या. आता मी गेलो आडवा. तिचं पुसलं. चला."

मामा गाडीतून उतरले ते आपल्या अंगातला कोट काढूनच. त्या दिवशी आम्ही गेलो नाही. पुढच्या आठवड्यात कळलं, मुलीचं दुसरीकडे ठरलं.

त्या मुलीला मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी तिच्या विरहानं मी असा पेटलो की काय सांगावं. आटगावला माझी बहीण दिली होती. सुट्टीत तिच्याकडे जाताना लाभीला पोत्यात घातलं, पोतं गरागरा फिरवलं म्हणजे तिला दिशा कळू नये, आणि आटगावच्याही पलीकडे, थेट तानशाच्या तळ्यापर्यंत नेऊन सोडलं. मधे काळू आणि भातसा, दोन नद्या. मांजर पाणी ओलांडत नाही हे मला ठाऊक होतं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, म्हणून मारलं नाही. सोडल्याबद्दल काय वाहायचं ते कोणी सांगितलेलं नाही.

परत आलो तर तात्या माझ्या दाराशीच बसलेले. "मास्तर, तुमी आटगावच्या वाटेनं गेल्तात. लाभी दिसली नाय कुठं?"

"नाही," मी म्हणालो.

"रुसली असंल. येल."

बाजाराच्या दिवशी तात्या मोजायला बसले. पायली भरली, "लाभ" म्हणाले आणि थांबले. रस्त्याकडे पाहिलं. मग पायली पुन्हा राशीत ओतली आणि पुन्हा "लाभ." असं किती वेळा झालं तरी 'दोन' येईना. शेवटी कोंडूनंच त्यांच्या हातातून पायली घेतली. तो म्हणाला, "तात्या, आज मी मोजतो. माझा भात सुका हाय, आईच्यान." आणि तो खरंच सुका होता.

माझ्यानं राहवेना. पुन्हा बहिणीच्या निमित्तानं तानशाला गेलो आणि काठाकाठानं, तिच्या ओळखीच्या तात्यांच्या मोजणीच्या सुरात, "लाभ, लाभ" अशा हाका मारत फिरलो. एक म्हातारी जाळं सुकवत होती. तिनं विचारलं, "दादा, तळा पायलीनं मोजताव काय?"

मी तांबडी मांजर म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तांबडी हवी ना? आमच्याकडं हाय एक," आणि घरातून एक मांजर आणून माझ्या हातात दिली. रंग तोच, अंगलट तीच. फक्त कान अखंड होता. खाच पाडावी असं एकदा मनात आलं, पण माझा हात धजला नाही.

भर बाजारात मी ती तात्यांच्या मांडीवर ठेवली. "आटगावला सापडली," म्हणालो. "कानाची खाच भरून आलेली दिसते."

तात्यांनी मांजराकडे पाहिलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आटगावचं पानी चांगलं, मास्तर."

सगळा बाजार गोळा झाला. कोंडूनं त्या दिवशी नेमकी ओली रास आणली होती. तात्यांनी मांजर खाली ठेवली, "बोल गो" म्हणाले. ती राशीवर चढली, एक गिरकी घेतली आणि झोपली.

"बसली," कोंडू हळूच म्हणाला. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

व्यापाऱ्यानं राशीत हात घातला, ओला बाहेर काढला. "तात्या, तुमची लाभी फुटली वाटतं. कोंडूनं बोंबील चारला काय?"

लोक पोट धरून हसले. ही लाभी नाही, एवढं एक वाक्य तात्यांनी म्हटलं असतं तर त्यांची अब्रू राहिली असती. ते म्हणाले, "परवासानं नाक बसलंय तिचं. येल हळूहळू."

ते कधीच आलं नाही. ती कुठल्याही राशीवर झोपे; पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावरही झोपे. 'बसली का, तात्या?' हे विचारणं बंद झालं, पुढे चेष्टेत तेवढं उरलं. व्यापारी राशीत स्वतः हात घालू लागले. मग लढाई आली, धान्यावर कंट्रोल आला, पायली जाऊन काटा आला, आणि तात्यांचं कामच गेलं.

माझी बदली शहापूरला झाली, लग्न झालं, चांगलं झालं. एकदा मुरबाडला कामाला गेलो होतो, तिथून धसईला गेलो. तात्या वाकले होते. म्हणाले, जेवूनच जा. माझं ताट, त्यांचं ताट, आणि कोपऱ्यात दोन वाट्या मांडल्या. दोन्हीत भाकरी कुस्करली, दोन्हीत बोंबलाचं डोकं ठेवलं. म्हातारी झालेली मांजर आपली वाटी संपवून दुसरीकडे वळली, तशी तात्यांनी तिला बोटानं मागे ओढलं.

"दोने, ते तुझं नाय गो. ते तिचं."

बाजारात लोकांसमोर ते तिला लाभीच म्हणत. घरात, शेजारी मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तिचं नाव दोनी होतं. पहिल्या दिवसापासून.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "एवढ्या लांबनं मांजर उचलून आननारा मानूस. त्याला काय इचारायचं? जेवा, मास्तर."

त्या क्षणी सांगायचं होतं. मी म्हणालो, "बोंबील झकास झालाय."

त्यानंतरच्या शिमग्यात तात्या गेले. दोनी त्यांच्या आधीच गेली होती. शेजाऱ्यांनी सांगितलं, शेवटपर्यंत कोपऱ्यात एक वाटी भरलेली असायची.

राघोतात्यांचं मी एक मांजर देणं लागतो. सोन्याचं नाही. साधं तांबडं, डाव्या कानाला खाच असलेलं, ओल्या भातावर न बसणारं.